आडवं झालं की थांबतं

सोहार. रात्रपाळी. बाहेर त्रेचाळीस अंश,
आत एकवीस,
कारण मशीनला उकाडा सोसत नाही.

फॉर्मवर: दिलावर मुकादम, चौतीस, वेल्डर.
तीन आठवडे डोकेदुखी.
खाली घाईनं, तिरकं: क्षय?
त्या प्रश्नचिन्हाच्या आकड्याला
व्हिसा लटकलाय, बाणकोटचं अर्धं बांधलेलं घर,
आणि धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी.

वेल्डर म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे.
बुबुळात लोखंडाचा कण राहिला असेल
तर माझं चुंबक तो ओढून काढतं, न विचारता.
कण नव्हता.
गळ्यातला तावीज काढताना तो थांबला.
"चांदी आहे, मॅडम," हिंदीत.
"तरी काढा," मी मराठीत म्हटलं,
तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली.
"उभा राहिलो की डोकं फुटतं, ताई.
आडवं झालं की थांबतं.
फोरमन म्हणतो, असलं दुखणं मलापण पाहिजे."

नळीत शिरला. ठणठण, घरघर, पुन्हा ठणठण.
माईकवरून मी सांगत राहिले:
हलू नका. आता शिरेतून औषध सोडतेय,
हात गार वाटेल.
आतून आवाज आला, "आमच्या साइटपेक्षा शांत आहे."

मेंदूवर तीन पदर.
दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका:
परीक्षेसाठी पाठ केली तेव्हा
बारशाला सुचवलेली नावं वाटायची.
डॉक्टर शमसा त्यांना अरबीत आई म्हणतात.
कवटीला चिकटलेली ती जाफिया, कडक आई.
मेंदूला बिलगलेली ती हनून, मायेची.
मधलीला कोळ्याचं जाळं म्हणून सोडून देतात.
"आजारानं कुठल्या आईचा पदर धरलाय
ते आधी बघ.
तो कोण आहे ते मग कळतं."

क्षय असता तर उजेड तळाशी साचला असता,
जाड, गाठीगाठींचा,
दुधाच्या भांड्यातल्या खरवडीसारखा.
कर्करोग घड्यांत उतरतो, साखर सांडल्यासा.
उंटिणीचं कच्चं दूध प्यायलात का,
हेही विचारून झालं होतं. नाही म्हणाला. वास येतो.

पडद्यावर एकच पांढरी रेघ.
कवटीच्या आतून, सगळीकडून, सारख्या जाडीची,
एकाही खाचेत न उतरलेली.
आणि मेंदू खाली टेकलेला.
ओहोटीला खाडीत होडी टेकते चिखलावर, तसा.

शमसांनी करकचा पेला ठेवला.
"गळतंय," म्हणाल्या. "कण्यात कुठेतरी, सुईच्या टोकाएवढं."
मेंदूभोवतीचं पाणी कमी झालं
तरी कवटीत रिकामी जागा राहू शकत नाही.
कडक आई मग आपल्या शिरा फुगवते,
उणं ते रक्तानं भरून काढते.
चित्रात ते पांढरं दिसतं.

मी बाहेर आले. तुम्ही काय उचललंत?
"गॅसचं सिलिंडर. शिडीवर पाय सटकला.
पडलो नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही."

उद्या त्याच्याच दंडातलं रक्त काढून
पाठीत सोडतील, भोकावर गुठळी धरायला.
ठिगळ, त्याच कापडाचं.
फॉर्मवरचं प्रश्नचिन्ह मला खोडता येत नाही,
अक्षर माझं नाही.
अहवालात शमसांनी क्षय नाही असं लिहिलं,
मग वाचून परत एकदा, वेगळ्या ओळीवर.

तावीज बांधता बांधता तो म्हणाला,
"फोरमनला दाखवायला फोटो मिळेल?"
सीडी मिळते. ती घालायला
फोरमनकडे काही नाही.
मग मीच त्याला काचेआड नेलं,
रेघेवर बोट ठेवलं.

तो बघत राहिला,
एक हात भिंतीला, कपाळावर घाम, उभा.
"बसा," म्हटलं, "दुखत असेल."
"दुखतंय," तो म्हणाला.
"जरा बघू द्या."